अठ्ठावीस पौंडांचें दुकान

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ चाकरी ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येत आली आहे. परंतु ज्या घरांत ती विशेष आवडीनें उच्चारली जाते त्याच घरांनीं आपले मुलगे चाकरीच्या दारांत नेऊन उभे केले, आणि व्यापाराविषयीं, त्यांतूनहि किरकोळ दुकानदारीविषयीं, मनांत एक प्रकारची अढी बाळगली, असा आपला अनुभव आहे. तागडी हातीं धरणारा मनुष्य आपल्या सुशिक्षित वर्गाला हिशेबी, प्रसंगीं लबाडहि वाटतो. इतिहासाचा नायक मात्र तो कधीं वाटत नाहीं. आमच्या पाठ्यपुस्तकांत तह आहेत, लढाया आहेत, गादीवर बसणारे आणि गादीवरून उतरणारे पुरुष आहेत. दुकान म्हणून काय तें एकच आहे, आणि तें म्हणजे १६०० सालीं लंडनमध्यें सनद मिळवून निघालेलें ईस्ट इंडिया कंपनीचें! त्या दुकानानें माल घेतां घेतां देशच घेतला, म्हणून त्याला इतिहासांत जागा मिळाली. आज आम्ही ज्या दुकानाची हकीकत सांगणार आहों तें अगदीं निराळ्या जातीचें होतें. त्याचें भांडवल अवघें अठ्ठावीस पौंड, आणि त्याचे मालक म्हणजे हातावर पोट असलेले अठ्ठावीस कामकरी. तथापि त्या दुकानाची महत्त्वाकांक्षा कंपनीच्या महत्त्वाकांक्षेहून तिळभरहि कमी नव्हती, असें आम्ही म्हटलें तर वाचकांना ती अतिशयोक्ति वाटेल. ती अतिशयोक्ति नाहीं हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

इंग्लंडच्या त्या वेळच्या लँकेशायर परगण्यांत, मँचेस्टरच्या उत्तरेस सुमारें दहाबारा मैलांवर रॉचडेल नांवाचें गांव आहे. पार्लमेंटांत कंपनीच्या कारभारावर कठोर टीका करणारे जॉन ब्राइट आपल्या वाचकांना ठाऊक असतील; त्यांचा जन्म १८११ सालीं याच गांवीं झाला, आणि त्यांच्या घराण्याची कापसाची गिरणीहि येथेंच होती. गांवाचा जुना धंदा लोकरीचें फलालीन विणण्याचा. घरोघरीं हातमाग चालत, आणि मागावर बसलेला विणकर गरीब असला तरी आपल्या वेळेचा धनी होता. पुढें यंत्रमाग आले, मजुरीचे दर उतरत गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकाला इंग्रजी इतिहासांत ‘भुकेचें दशक’ हेंच नांव पडलें. १८४३-४४ च्या सुमारास फलालीन विणणाऱ्या कामकऱ्यांनीं मजुरीवाढ मागितली. ती चळवळ फसली. मग पुढें काय करावें, हा प्रश्न उभा राहिला. सनदवादी म्हणत, आधीं मताधिकार मिळवा. परंतु त्यांचे लाखों सह्यांचे अर्ज पार्लमेंटानें १८३९ आणि १८४२ असे दोन वेळां फेंटाळून लावले होते. मद्यनिषेधवाले म्हणत, दारू सोडा. रॉबर्ट ओवेनचे अनुयायी म्हणत, कामकऱ्यांनीं आपल्या स्वतंत्र वसाहती स्थापाव्या आणि तेथें पिकवावें, विणावें, सुखानें राहावें. रॉचडेलच्या मंडळींत या तिन्ही पंथांचे लोक होते. ते सर्वच कांहीं विणकर नव्हते. इतर कारागीरहि त्यांत होते. पुष्कळ वादविवादानंतर त्यांनीं जें ठरविलें तें दिसावयास फारच क्षुद्र होतें. त्यांनीं किराणा मालाचें दुकान काढण्याचें ठरविलें.

परंतु हें दुकान कशासाठीं? २४ ऑक्टोबर १८४४ या दिवशीं ‘रॉचडेलच्या न्यायी पुरस्कर्त्यांची मंडळी’ या नांवानें संस्था नोंदविली गेली. तिच्या नियमांतील पहिलें कलम आम्ही विद्यार्थ्यांपुढें मांडतों तेव्हां वर्गांत हमखास हशा पिकतो. त्या कलमान्वयें मंडळीनें प्रथम खाद्यपदार्थ, कापड वगैरेंचें दुकान उघडावयाचें. नंतर सभासदांकरितां घरें बांधावयाचीं. नंतर ज्यांना काम नाहीं किंवा ज्यांची मजुरी पुनःपुन्हा कापली जाते अशा सभासदांकरितां कारखाने काढावयाचे. नंतर जमीन घेऊन ती कसावयाची. आणि हें साधतांच उत्पादन, वांटणी, शिक्षण आणि कारभार या सर्वांची नवी घडी बसवून एक स्वावलंबी वसाहत उभी करावयाची. मध्येंच दारूबंदीच्या प्रचारार्थ एक मद्यरहित खाणावळहि काढावयाची आहे! पदरीं अठ्ठावीस पौंड असलेल्या माणसांनीं हा बेत आंखावा यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या बेताची पायरीपायरीची मांडणी नीट पाहावी. दुकान ही पहिली पायरी. दुकानाच्या विक्रींतून नफा, नफ्यांतून भांडवल, भांडवलांतून कारखाना, कारखान्यांतून जमीन, आणि जमिनींतून वसाहत. म्हणजे समाजाची पुनर्घटना अखेर एका प्रश्नावर येऊन ठेपली होती: या आठवड्यांत किती पीठ विकलें गेलें?

हे अठ्ठावीस पौंड तरी कसे जमले? प्रत्येकानें एका पौंडाचा एक भाग घ्यावयाचा, आणि तो आठवड्याला दोन पेन्स देऊन फेडावयाचा, असें प्रथम ठरलें. पौंडाचे पेन्स २४०. तेव्हां या हिशेबानें एक भाग पुरा होण्यास १२० आठवडे, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ लागला असता. पुढें वर्गणी तीन पेन्सांवर नेली. दर रविवारीं घरोघर हिंडून ही नाणीं गोळा करणारांच्या चिकाटीची कल्पना, ज्यांनीं आपल्याकडील एखाद्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी जमविली असेल त्यांनाच येईल.

याहून मोठी अडचण उधारीची होती. रॉचडेलमध्यें असें दुकान निघण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १८३० नंतरच्या वर्षांत त्याच गल्लींत कामकऱ्यांचें एक दुकान निघून बुडालें होतें, आणि तें बुडालें उधारीनें. उधारीचें हें विष कसें चढतें याचा थोडासा अनुभव आम्हांसहि आहे. विद्यार्थिदशेंत, एका शहरांतील वसतिगृहांत असतांना, आम्हीं पंधरावीस मित्रांनीं मिळून एक छोटें भांडार काढलें होतें. वह्या, साबण, चहाची भुकटी, असा माल एका कपाटांत ठेवलेला. विक्रीस पाळीपाळीनें बसावयाचें. आणि वर्षअखेर नफ्यांतून गरीब विद्यार्थ्यांना पुस्तकें घ्यावयाचीं, असें उदात्त ध्येय. पहिला महिना उत्तम गेला. दुसऱ्या महिन्यांत एका मित्राची मनिऑर्डर उशिरा आली, म्हणून त्याचें नांव वहींत लिहिलें. तिसऱ्या महिन्यांत वहींत तेवीस नांवें झालीं, आणि त्यांत विक्रीस बसणारांचींहि होतीं; आमचेंहि होतें. मित्राजवळ पैसे मागावयाचे कसे, या संकोचांत चौथ्या महिन्यांत कपाट रिकामें झालें. भांडार बुडविणारा कोणी लबाड आमच्यांत नव्हता. भिडेनें तें बुडालें, आणि पुस्तकें ज्यांना मिळावयाचीं त्यांना तीं मिळालीं नाहींत. रॉचडेलच्या मंडळींनीं हा धडा आधींच घेतला होता. रोख पैसा दिल्याशिवाय माल द्यावयाचा नाहीं, मग तो सभासद असो कीं त्याचा भाऊ असो, असा त्यांनीं कडक नियम केला. दुसऱ्या दुकानीं उधारीच्या बेडींत अडकलेल्या कामकऱ्याला हा नियम किती निष्ठुर वाटला असेल! परंतु पुढील सर्व इमारत या निष्ठुर नियमावर उभी राहिली.

रॉचडेलमध्यें टोड लेन म्हणून एक गल्ली आहे. नांवाचा शब्दशः अर्थ ‘भेकगल्ली’. तेथील ३१ क्रमांकाच्या वखारीचा तळमजला मंडळीनें वर्षाला दहा पौंड भाड्यानें घेतला. भाडें आणि डागडुजी यांचा खर्च जाऊन जें उरलें त्यांतून सोळा पौंड, अकरा शिलिंग आणि अकरा पेन्सांचा माल आणला. तो माल म्हणजे २८ पौंड वजनाचें लोणी, ५६ पौंड साखर, सहा हंड्रेडवेट गव्हाचें पीठ, एक पोतें ओटचें पीठ आणि कांहीं मेणबत्त्या. आपल्याकडील एखाद्या खेड्यांतल्या वाण्याच्या फळीवरहि याहून अधिक जिन्नस दिसतील. २१ डिसेंबर १८४४, शनिवार, ही दुकान उघडण्याची तारीख. उत्तर गोलार्धांतील वर्षाची ती सर्वांत मोठी रात्र. संध्याकाळीं आठाच्या सुमारास दुकानाच्या फळ्या काढावयाच्या होत्या. परंतु बाहेर गिरण्यांत काम करणारीं पोरें टवाळी करण्यास जमलीं होतीं, आणि गांवांतील दुकानदारहि दुरून मौज पाहात होते, असें वर्णन मिळतें. आंतील मंडळी क्षणभर बाहेर येण्यास कचरली. मग त्यांच्यांतील एकानें धीर करून फळ्या दूर केल्या, आणि पोरांच्या आरोळ्यांत म्हाताऱ्या विणकरांचें तें दुकान सुरू झालें.

प्रारंभीं दुकान सोमवारीं आणि शनिवारीं संध्याकाळींच उघडे. कारण विक्रीस बसणारे दिवसभर आपापल्या कामावर असत. सॅम्युएल अ‍ॅशवर्थ हा विशीच्या आंतबाहेरचा तरुण माल तोलून देई आणि विल्यम कूपर पैसे घेई. १८४५ च्या मार्चपासून मंगळवारखेरीज बहुतेक दिवशीं संध्याकाळीं दुकान उघडूं लागलें. पुढें चहा आणि तंबाखू हे जिन्नस आले. कारखान्याच्या घंटेवर बारा बारा तास राबून रात्रीं दहापर्यंत तागडी धरणाऱ्या या माणसांची कल्पना वाचकांनीं करावी. त्यांच्यापुढें गिऱ्हाइकाला भुलविणारें कांहींहि नव्हतें. भाव बाजारभावाइतकाच, स्वस्ताईची लालूच नाहीं. उधारी नाहीं. दुकान अंधारें. मग लोकांनीं यावें कशासाठीं?

याचीं उत्तरें दोन होतीं. पहिलें उत्तर चोख माल आणि पुरें माप. त्या काळीं इंग्लंडांतील भेसळीचा प्रकार इतका भयंकर होता कीं, डॉक्टर आर्थर हॅसल यांनीं १८५१ पासून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत खाद्यपदार्थांचीं पृथक्करणें प्रसिद्ध करण्यास आरंभ केल्यावर सर्व देश हादरला, आणि १८६० सालीं पार्लमेंटाला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. पावांत तुरटी सांपडे, चहांत दुसरींच पानें सांपडत. ही भेसळ मुख्यतः गरिबांच्या पोटांत जाई. कायद्याच्या सोळा वर्षें आधीं टोड लेनमधल्या दुकानानें भेसळीला दारबंदी केली होती.

दुसरें उत्तर नफ्याच्या वांटणीचें. चार्ल्स हॉवर्थ नांवाच्या सभासदाला तिचें श्रेय सामान्यतः देतात. वास्तविक ती कल्पना त्यापूर्वीहि एकदोन ठिकाणीं आढळते, परंतु ती तडीस नेली रॉचडेलनें. एरवीं दुकानाचा नफा भांडवलवाल्याचा. येथें भांडवलाला ठराविक आणि मर्यादित व्याज द्यावयाचें, आणि उरलेला नफा ज्यानें जितकी खरेदी केली असेल त्या मानानें त्याला परत करावयाचा. समजा, तिमाहींत एका घरानें दहा पौंडांची खरेदी केली आणि वांटणी पौंडास एक शिलिंग ठरली, तर त्या घराच्या खात्यांत दहा शिलिंग जमा झाले. ते न काढले तर तेंच त्याचें भांडवल. ज्या घरांत शिल्लक हा शब्द कधीं उच्चारला गेला नव्हता, त्या घरांत रोजची भाकरी खातां खातांच शिल्लक पडूं लागली. शिवाय मत माणसी एक. भाग एक असो कीं पन्नास असोत. त्यामुळें विकणारा, घेणारा आणि मालक हे तीन निरनिराळे पुरुष न राहतां एकाच माणसाचीं तीन रूपें झालीं. विक्री वाढावी म्हणून कोणाला फसविण्याचें कारणच उरलें नाहीं. कारण फसणारा तो स्वतःच.

आतां आंकडे पाहूं. १८४५ च्या अखेरीस सभासद ७४, भांडवल १८१ पौंड, वर्षाची विक्री ७१० पौंड आणि नफा २२ पौंड. चार वर्षें प्रगति मुंगीच्या पावलांनीं झाली. १८४८ सालीं सभासद १४० आणि विक्री २,२७६ पौंड. १८५० सालीं सभासद ६०० आणि विक्री १३,१७९. १८५५ सालीं सभासद १,४०० आणि विक्री ४४,९०२. १८६० सालीं सभासद ३,४५० आणि विक्री १,५२,०६३ पौंड. या आंकड्यांतील वाढ कोणाच्याहि डोळ्यांत भरेल. परंतु आमच्या मतें यांतील खरी गोष्ट भागाकार केल्यावर दिसते. १८४५ सालीं दर सभासदामागें विक्री साडेनऊ पौंडांच्या आसपास होती. १८५० सालीं ती सुमारें २२, १८५५ सालीं ३२ आणि १८६० सालीं ४४ पौंड झाली. याचा अर्थ असा कीं, नवीं माणसें तर आलींच, पण जुन्या-नव्या सर्वांच्याच संसाराचा अधिकाधिक भाग या दुकानावर विसंबूं लागला. प्रथम सभासद भीत भीत शेरभर पीठ नेत असावेत, आणि राहिलेली खरेदी जुन्या उधारीच्या दुकानीं करीत असावेत. विश्वास बसण्यास पंधरा वर्षें लागलीं. जाहिरातीनें गिऱ्हाईक एकदां येतें. तें दर शनिवारीं येऊं लागणें ही निराळी गोष्ट आहे.

१८४९ सालीं एक विलक्षण घटना घडली. रॉचडेलची बचत पेढी बुडाली. गरिबांचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणूनच असल्या पेढ्या असत, आणि प्रतिष्ठित गृहस्थ त्यांचे विश्वस्त असत. परंतु तेथील कारभाऱ्यानें वर्षानुवर्षें अपहार केल्याचें उघडकीस आलें. त्या एका वर्षांत टोड लेनच्या दुकानाचे सभासद १४० वरून ३९० झाले, आणि भांडवल ३९७ पौंडांवरून १,१९३ वर गेलें. प्रतिष्ठितांच्या पेढीपेक्षां विणकरांचें दुकान अधिक भरंवशाचें आहे, असा निकाल गांवानें दिला. पांच वर्षांपूर्वीं याच दुकानासमोर पोरांनीं आरोळ्या ठोकल्या होत्या.

तथापि सर्व कांहीं सुरळीत चाललें असें समजण्याचें कारण नाहीं. चोख पीठ मिळावें म्हणून १८५० सालीं मंडळींनीं धान्य दळण्याची स्वतंत्र गिरणी काढली. आरंभीं तींत तोटा आला. पीठहि लोकांना आवडेना. कारण भेसळीच्या पिठाचा पांढरा रंग डोळ्यांत बसलेला, आणि शुद्ध पिठाचा खरा रंग कसा असतो याचा लोकांना विसर पडलेला! आपल्याकडे काळसर पण चोख गूळ बाजूला सारून पिवळाधमक गूळ घरीं नेणाऱ्या गृहिणींना हें चटकन पटेल. दुकानानें दुसरीकडचें पांढरें पीठ आणून विकलें असतें तर त्याची विक्री तत्काळ वाढली असती, आणि गिरणी बुडाली असती. गिरणी सोडून द्यावी असें म्हणणारेहि होते. अखेर दुकानानें गिरणीची पाठ सोडली नाहीं. गिरणीचा कारभार सुधारला आणि ती फायद्यांत आली. विक्रीचा आंकडा मोठा कीं ज्यासाठीं विक्री करावयाची तें मोठें, हा प्रश्न त्या वेळीं प्रथम उभा राहिला, आणि त्या वेळीं तरी त्याचें उत्तर बरोबर दिलें गेलें.

दोन गोष्टींचा येथें उल्लेख केलाच पाहिजे. विवाहित स्त्रीची कमाई कायद्यानें तिच्या नवऱ्याची मानली जात होती. तो कायदा बदलण्यास १८७० साल उजाडावें लागलें. अशा काळांत, १८४६ सालींच, या मंडळींत एक स्त्री स्वतःच्या नांवानें सभासद झाली, आणि तिचें मत पुरुषाच्या मताइतकेंच मोजलें जाऊं लागलें. दुसरी गोष्ट शिक्षणाची. दुकानाच्या माडीवर वाचनालय आणि वर्तमानपत्रांची खोली निघाली, आणि १८५३ च्या सुमारास नफ्याचा शेंकडा अडीच टक्के भाग शिक्षणास देण्याचा नियम झाला. खालीं पीठ आणि वर पुस्तकें! सरकारी मदतीवांचून, देणगीदारांच्या तसबिरी न लावतां चाललेलें हें वाचनालय होतें, हें आमच्यासारख्या शिक्षकानें तरी विसरतां कामा नये.

यानंतरच्या प्रसंगाचा संबंध आपल्या मुंबईशीं आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि गिरण्या बंद पडल्या. हजारों कामकरी उपाशी मरूं लागले. ‘सुरती’ या नांवानें जाणारा आपला आंखूड धाग्याचा कापूस मागांवर तुटे, म्हणून तेथील कामकरी त्याला शिव्या घालीत. परंतु तोच कापूस मुंबईहून सोन्याच्या भावानें जाऊं लागला. मुंबईंत पैशाचा पूर आला. रोज नवी कंपनी, रोज नवे भाग. समुद्र हटवून जमीन करण्याच्या बॅक बे कंपनीच्या भागांसाठीं वकील, व्यापारी आणि कारकून सारखेच वेडे झाले. प्रेमचंद रायचंद यांच्या नांवाचा दरारा सर्व बाजारावर पसरला. रॉचडेलच्या दुकानाची विक्री मात्र १८६१ मधील १,७६,२०६ पौंडांवरून पुढील वर्षीं १,४१,०७४ वर उतरली. सभासद ३,९०० वरून ३,५०१ झाले. लोकांनीं साठविलेले पैसे काढले आणि त्यावर दिवस कंठले. दुकानानें ते मागतील तसे परत दिले. १८६५ सालीं युद्ध संपलें. मुंबईचा फुगा त्याच वर्षीं फुटला. मोठमोठ्या पेढ्या धुळीस मिळाल्या, आणि खुद्द बँक ऑफ बॉम्बे १८६८ सालीं गुंडाळावी लागली. त्याच १८६५ सालीं टोड लेनच्या दुकानाची विक्री १,९६,२३४ पौंड, म्हणजे दुष्काळापूर्वीच्या आंकड्याहून अधिक झाली होती! एका ठिकाणचे आंकडे कागदाचे होते, दुसऱ्या ठिकाणचे पिठाचे. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन गांवांची एकाच वर्षांतली ही तुलना पुष्कळ विचार करावयास लावते.

येथें लेख संपविला असता तर तो गोड झाला असता. परंतु इतिहास लिहिणाऱ्यानें गोडीसाठीं अर्धें सांगूं नये. पहिल्या कलमांतील कारखान्याची पायरी चढण्यासाठीं मंडळींतील लोकांनीं १८५४ सालीं कापडाची सहकारी संस्था काढली होती. तींत भांडवलाप्रमाणें मजुरीवरहि नफ्याचा हिस्सा देण्याचा नियम होता. गिरणी भरभराटली, तसे केवळ चांगल्या व्याजाकडे पाहून भाग घेणारे लोक तींत शिरले. आणि १८६२ सालीं, कापसाच्या त्या दुष्काळांतच, भागीदारांनीं बहुमतानें मजुरांचा हिस्सा काढून टाकला. जुन्या पुरस्कर्त्यांनीं विरोध केला. पण माणसी एक मत हें जसें दुबळ्याचें शस्त्र, तसें तें लोभी बहुमताचेंहि शस्त्र होऊं शकतें, हें त्या दिवशीं दिसून आलें. पुढें घरें कांहीं बांधलीं गेलीं. जमीन कसून उभी राहावयाची ती वसाहत कधींच झाली नाहीं. १८६७ सालीं दुकानाचे सभासद ६,८२३ आणि विक्री २,८४,९१९ पौंड झाली. पहिल्या कलमाकडे पाहिलें तर ध्येय फसलें. हिशेबाच्या वहीकडे पाहिलें तर कल्पनेबाहेर साधलें.

मग हा विजय म्हणावा कीं पराजय? आमचे एक स्नेही म्हणतात, वसाहतीचें स्वप्न हें भोळेपण होतें, तें गळून पडलें हें बरेंच झालें. दुकान उरलें हें महत्त्वाचें. आम्हांस तें पटत नाहीं. केवळ स्वस्त किंवा चोख पीठ विकण्यासाठीं त्या माणसांनीं दिवसभराच्या कामानंतर रात्रीं तागडी धरली असती असें आम्हांस वाटत नाहीं. कपाटांतल्या वह्या-साबणांच्या भांडारासाठीं आम्हीं मित्राची भीड मोडली नाहीं. त्यांनीं ती मोडली, कारण त्यांच्या डोळ्यांपुढें भांडाराहून मोठें कांहीं होतें, आणि तें आमच्याप्रमाणें वर्षअखेरीच्या भाषणापुरतें नव्हतें. ध्येय गांठलें गेलें नाहीं हें खरें. परंतु त्या ध्येयानेंच दुकान चालविलें. उलट १८६२ च्या भागीदारांना ध्येय नव्हतें, केवळ आंकडा होता. म्हणून त्यांनीं आंकडा वाढविण्यासाठीं ज्याच्याकरितां तो वाढवावयाचा तोच माणूस वहींतून खोडून टाकला. आंकडा ध्येयाचा चाकर असेल तोंवर त्याच्यासारखा प्रामाणिक चाकर नाहीं. धनी झाला म्हणजे तो पहिल्यानें घरच्यांनाच बाहेर काढतो.

या दुकानाची संतति मोठी झाली. १८६३ सालीं उत्तर इंग्लंडांतील अशा दुकानांनीं मिळून स्वतःची घाऊक खरेदीची संस्था स्थापिली; १८९५ सालीं लंडनमध्यें आंतरराष्ट्रीय सहकारी संघ निघाला, आणि रॉचडेलचे नियम त्यानें १९३७ सालीं सहकाराचीं मूलतत्त्वें म्हणून स्वीकारले. आपल्याकडे १९०४ च्या कायद्यानें केवळ पतपेढ्यांना वाट करून दिली. दुकानांसारख्या इतर सहकारी संस्थांना १९१२ च्या कायद्यापर्यंत थांबावें लागलें. हा क्रम आम्हांस फार बोलका वाटतो. रॉचडेलनें आरंभ केला तो उधारी बंद करून. आपण आरंभ केला तो कर्ज देण्यापासून. आपल्या शेतकऱ्याची गरज निराळी होती हें आम्ही जाणतों, आणि मुंबईच्या नायगावांत १९४८ सालीं सुरू होऊन पुढें ‘अपना बाजार’ या नांवानें घरोघरीं परिचित झालेल्या भांडारासारखीं उदाहरणेंहि आपल्याकडे आहेत. परंतु सहकार म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कर्ज, साखर आणि निवडणूक हींच प्रथम उभीं राहतात. शनिवारीं संध्याकाळीं आपल्याच दुकानाच्या फळीमागें उभा राहून शेजाऱ्याला पुरें माप घालणारा माणूस उभा राहत नाहीं.

टोड लेनमधली ती वखार अद्याप आहे. १९३१ सालीं तेथें एक लहानसें संग्रहालय करण्यांत आलें. उंबऱ्याच्या आंत खोली ती केवढी. पण तींत जी मंडळी दाटीवाटीनें उभी होती, त्यांतील एकानें बाहेरच्या आरोळ्या ऐकत फळीला हात घातला, हें आम्हीं दरवर्षीं वर्गांत सांगतों. पहिल्या कलमाला जीं मुलें हंसतात, तीं त्या फळीपाशीं गप्प होतात.